वारामिस्त्रीची शेगडी

प्रिय टोकधरे,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही जिवंत आहोत. माझं अक्षर तुला माहीत आहे. शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत तग धरला, तेव्हा ओळी वरखाली गेल्या तर मान वाकडी करून वाच. फोनवर बोलता आलं असतं तर बोटं कशाला दुखवून घेतली असती? पण फोन वाजला की तुझे आजोबा माझ्याआधी तिथे हजर. खुर्ची ओढून बसतात, आवाज मोठा करतात आणि तू म्हणजे रेडिओवरच्या बातम्या असल्यासारखं ऐकतात. मी काही बोलायला गेले की मधेच कोपर मारतात, "शेगडीचं सांग, शेगडीचं सांग." मग मी सांगते, शेगडी बसली, झकास बसली. तू म्हणतेस, वा आजोबा. ते खूश, तू खूश, फोन बंद. आज ते केस कापायला गेलेत. शेजारची शिंपीण त्यांना घेऊन गेली आहे. न्हाव्याला निरोप धाडलाय की बाबा रे, सावकाश काप, मग दाढी कर, दाढी झाली की पुन्हा केस काप. तेवढ्यात माझं लिहून होतंय का बघू.

शेगडीपासूनच सुरुवात करते. तू कळवलंस की हिवाळ्यात बाळाला घेऊन महिनाभर येते, तेव्हा माझ्या डोक्यात आल्या चादरी. धुवायच्या, वाळवायच्या, मागच्या खोलीत पलंग लावायचा. आजोबांच्या डोक्यात आली तुझी छाती. आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस आणि त्या मागच्या खोलीत निजायला लागलीस, तो पहिला हिवाळा. तुझी छाती अशी वाजायची की कपाटात कुणी बाजा वाजवतंय असं वाटावं. आजोबा तुला आपल्या कोटात घालून बसून राहायचे, वर मलाच दटावायचे, "हळू चाल, थंडी हलते." तर तुझी खबर आली आणि ते उठलेच. "त्या खोलीत माझ्या नातीचं बाळ कुडकुडणार नाही" असं म्हणून टेपपट्टी घेऊन आत. टोक धरायला तू नव्हतीस. लहानपणी दुसरं काम तरी काय होतं तुला! "टोक धर" म्हटलं की पट्टीचं टोक घेऊन भिंतीला पालीसारखी चिकटायचीस, श्वाससुद्धा घ्यायची नाहीस, आणि ते नावच पडलं तुला. या वेळी त्यांनी टोक एका खिळ्याला अडकवलं आणि खिळ्याला दम दिला, "टोकधरी येईपर्यंत तू. हललास तर बघ."

शेगडी आणली कुठून, तर गिरणीतून. लाकूड कापायची ती गिरणी कधीच बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण साहेबाच्या खोलीतली लोखंडी शेगडी कोपऱ्यात गंजत उभी होती. चार पायांची, काळी, पुढे काचेचं दार. आजोबांनी जन्मभर त्या गिरणीत पत्र्याचे नळ बसवले. करवत फिरली की भुसा वाऱ्याबरोबर त्या नळांतून सुसाट बाहेर जायचा. त्यांनी बसवलेला नळ कधी तुंबला नाही, म्हणून सगळे त्यांना वारामिस्त्री म्हणायचे. पण साहेबाच्या उबेच्या खोलीत कधी कुणी बस म्हटलं नाही. दारात उभं राहायचं, बोलायचं, निघायचं. आता तीच शेगडी नातीच्या बाळासाठी घरी निघाली, तेव्हा हे कोट घालून हातगाडीच्या पुढे चालत होते, जसं काही बँडच वाजतोय. गाडी ओढणाऱ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. दारातून ती आत शिरेना, शेवटी चौकट काढावी लागली. मी म्हटलं, मला आणलंत तेव्हा कुणी चौकट काढली नव्हती. तर म्हणतात, "तेव्हा तू मावत होतीस." सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले, कारण चहा मलाच करायचा होता.

मग त्यांनी जे काम केलं ना, पोरी, मी कुणाची स्तुती करत नाही हे तुला माहीत आहे, पण ते काम बघत बसावं असं होतं. आपली जमीन लाकडी फळ्यांची. त्यावर विटांचा थर, विटांवर दगडी फरशी. शेगडीच्या दारासमोर फरशी जास्त पुढे आणली. म्हणाले, दार उघडलं की निखारा उडी मारतो, तो दगडावर पडला पाहिजे, फळीवर नाही. शेगडी भिंतीपासून चांगली लांब ओढली, भिंतीवर पत्रा लावला, पण तोही भिंतीला चिकटवला नाही. मधे चिनी मातीचे बुटके ठोकळे ठेवून दोन बोटं जागा सोडली, खालून वरून उघडी. मी म्हटलं, चिकटवा की, तेवढीच जागा वाचेल. तर मला समजावतात, पत्रा चिकटवला की तो तापणार आणि भिंतीला तापवणार, मधे वारा खेळला पाहिजे. आणि म्हणाले, लाकूड रोज रोज शेकत राहिलं की आतल्या आत वाळत जातं, बाहेरून काही कळत नाही, मग एके दिवशी ठिणगीसुद्धा लागत नाही, नुसत्या धगीने पेटतं. भिंतीपलीकडे शिंपिणीची खोली, छतापर्यंत कापडाचे गठ्ठे. तिला बोलावून पत्र्यामागची जागा दाखवली, तिच्या बोटांनी मोजायला लावली. माझं लग्नापासून एका जागी असलेलं कपाट हलवलं. मी तोंड उघडलं तर म्हणाले, कपाट की बाळ? आता याला काय बोलायचं? शेवटी शेगडीभोवती जाळीचं कुंपण केलं, बाळ रांगत गेलं तर हात पोहोचू नये म्हणून. जाळीच्या तारेचं एकेक टोक कानशीने घासलं आणि स्वतःचा गाल त्यावर फिरवून बघितला. गालावर ओरखडे घेऊन जेवायला बसले होते. मी विचारलं, मांजर पाळलंत का?

छपराला भोक पाडायची वेळ आली तेव्हा मात्र मी शिडीसमोर उभी राहिले. या वयात छपरावर चढलात तर खाली येताना शिडी लागणार नाही म्हटलं. तेव्हा धुराडी साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याला मी काजळ्या म्हणते, तोंडावरच. तो रागावत नाही, कारण स्वतःवर इतका खूश आहे की आपलं बोलणं त्याच्या कानात शिरायला जागाच नाही. आल्या आल्या पहिलं वाक्य, "आजी, या गावात जी धुराडी सरळ उभी आहेत ना, ती माझी." दुसरं वाक्य, "चहा ठेवलाय का?" ज्या भिंतीला टेकेल तिथे काळा पंजा. आजोबा आणि तो, दोन कोंबडेच. हा म्हणे छपरातून जाणारा तुकडा दुहेरी पत्र्याचा पाहिजे, मधे न जळणारी दगडी लोकर भरलेली, म्हणजे छपराचं लाकूड तापत नाही. ते म्हणे हे मला शिकवतोस? हा म्हणे धुराडं छपराच्या आढ्याच्याही वर काढायचं, नाहीतर वारा धूर उलटा खोलीत ढकलतो. ते म्हणे वाऱ्याचं मला सांगतोस, मला? शेवटी दोघांनी मिळून बसवलं, आणि चांगलं बसवलं. काजळ्याने आत कागद पेटवून बघितला. धूर असा गपकन वर ओढला गेला, जसा तू लहानपणी दूध संपवायचीस. भिंतीवर एक डबीही लावून गेला. खोलीत विषारी हवा साचली की ती केकाटते म्हणे. तो म्हणाला, आता बारीक बारीक आग करत जा, शेगडीला सवय होऊ दे. आजोबांनी हात वर केला. "कागद पुरे. खरी आग बाळ आल्यावर. बाळाला मांडीवर घेऊन मी काडी ओढणार. त्याआधी या शेगडीला कुणी काडी लावायची नाही, मीसुद्धा नाही." मी मनात म्हटलं, काय नाटकं एकेक. हे वाक्य ध्यानात ठेव, पुढे लागेल.

फोनवर तुला सांगितलं ते इथपर्यंतचं. यापुढचं सांगितलेलं नाही.

एकदा बाजारातून आले तर मागच्या खोलीत काजळीचा सडा आणि आजोबा स्टुलावर उभे, तोंडात स्क्रू. शेगडीबरोबर गिरणीतून आलेले, छतापर्यंतचे सगळे जुने काजळलेले नळ उतरवून पुन्हा लावत होते. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, त्या काळतोंड्याने उलटे बसवले होते, सरळ करतोय. मी म्हटलं, असेल बुवा. मला काय कळतंय? काजळ्या धुराड्याच्या टोकावरची टोपी घट्ट करायला आला तेव्हा त्याने खोलीत पाय टाकला आणि पहिल्यांदाच चहा मागायचा विसरला. आता नीट समजून घे. या नळाच्या एका बाजूला चुण्या असतात, परकराच्या झालरीसारख्या, म्हणजे ती बाजू दुसऱ्या नळाच्या पोटात शिरते. गिरणीत चुण्यांची बाजू वारा जाईल तिकडे ठेवायची, नाहीतर भुसा कडेला अडकतो. धूर वर जातो, म्हणून आजोबांनी चुण्या वर केल्या. पण धुराड्यात चुण्या खाली, शेगडीकडे लागतात. कारण धूर वर जाताना गार होतो, त्याचं डांबरासारखं चिकट पाणी होतं आणि ते नळाच्या आतून खाली उतरतं. चुण्या खाली असल्या तर ते ओघळत परत शेगडीत जातं आणि जळून जातं. चुण्या वर असल्या तर प्रत्येक सांध्यातून बाहेर येतं, तापल्या नळावर वाळतं, साठतं आणि कधीतरी पेटतं. काजळ्या वर चढला आणि छपरावरून धुराड्यात तांब्याभर पाणी ओतलं. सांध्यासांध्यातून काळे ओघळ फुटले, नळावरून खाली, फरशीवर, माझ्या पुसलेल्या फळ्यांवर. आजोबा बघत राहिले. मग कपाळावर असा हात मारला की आवाज बाहेर गेला असेल. "अरे! मी गिरणीचा वारा चढवत होतो की!" पोट धरून हसले, काजळ्याला मिठी मारली, कोट काळा करून घेतला. आणि स्वतःच्या हातांनी सगळे नळ उतरवून चुण्या खाली करून लावले. पुन्हा पाणी ओतलं. एक थेंब बाहेर आला नाही. त्या संध्याकाळी मी बरी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत होते तर मागून खडखडाट. जाऊन बघितलं. स्टुलावर उभे, तोंडात स्क्रू. "त्या काळतोंड्याने उलटे बसवले होते," म्हणाले, "सरळ करतोय." तोच आवाज, तेच वाक्य, अक्षराचा फरक नाही. मी म्हटलं, अहो, काल पाणी ओतलं ना. "कसलं पाणी?" मी म्हटलं, तुम्ही कपाळावर हात मारलात. माझ्याकडे बघून हसले, बावळट बाईकडे बघून हसावं तसे. मी गाळणी हातात घेऊन तशीच उभी. चहा निवून गेला.

तेव्हापासून हेच चाललंय. काजळ्या येतो, सरळ करतो. ते बघतात, पटतं, हसतात, कधी स्वतः करतात. सकाळी पुन्हा गिरणी सुरू. मी स्क्रू फिरवायचं हत्यार लपवलं, तर माझ्या भाजीच्या सुरीचं टोक वाकडं केलं. काजळ्याने स्क्रूंच्या जागी रिबिटं ठोकली, तर कानशीने घासून काढली, काय सुबक काढली म्हणून सांगू, पत्र्याला चरा नाही. नळांवर रंगाने बाण काढले, तर म्हणाले, बाण काढणाऱ्याला वर-खाली कळत नाही. मग मला वाटलं आपण फार हुशार. त्यांच्याच हाताने पत्र्याशेजारी भिंतीवर खडूने लिहून घेतलं, चुण्या खाली. टपोरं अक्षर, खाली रेघ. सकाळी अस्तनीने पुसत होते. "कोण गाढव भिंती खराब करतं गं?" ती केकाटणारी डबीसुद्धा आता मुकी आहे. तिच्यातली बॅटरी काढून रेडिओत घातली. रेडिओ छान चालतो. आणि रोजच्या काढघालीने स्क्रूंची भोकं मोठी झालीत, सांधे खुळखुळतात. काजळ्या म्हणतो, आजी, आता नळ सरळ असले तरी आत लाकूड पेटवायचं नाही, धूर सांध्यातून खोलीत येईल. नवे नळ लावले तर? तेही ते काढतील. हे बोलताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. सरळ उभ्या धुराड्यांची बढाई त्या दिवशी नाही मारली.

तू म्हणशील, मग नळच काढून टाका. टाकले होते. काजळ्या मधला एक नळ घेऊन गेला. त्या दिवशी आजोबांनी घर पालथं घातलं, पलंगाखाली, कपाटात, माझ्या पिठाच्या डब्यातसुद्धा. मी अंगण झाडायला गेले आणि आत आले तर घरात कुणी नाही. दुपारी शिंपिणीला गिरणीच्या बंद फाटकाशी सापडले. पायांत घरातल्या सपाता, बर्फात भिजून लगदा झालेल्या, हातात टेपपट्टी. फाटकाला सांगत होते, नळ द्या, माझ्याकडे तान्हं मूल आहे. बोटं निळी पडली होती. मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले आणि काजळ्याला सांगितलं, नळ आणून दे, आत्ता. शेगडीच विकून टाकायचं म्हणशील तर तेही मनात आलं. पण नळ एक गेला तर हे गिरणीपर्यंत गेले. शेगडी गेली तर कुठपर्यंत जातील?

डॉक्टरणीला दाखवलं. भली बाई आहे, पण तिच्याकडेही या विसरण्यावर औषध नाहीच. गोळ्या दिल्या, म्हणाली यांनी दुखणं जरा सावकाश वाढेल, मागे फिरणार नाही. नव्या जागी नेऊ नका म्हणाली, जास्त गोंधळतील. म्हणजे तुझ्याकडे आणायचा मार्गही बंद, आणि त्यांना टाकून मी यायचं तर बोलायलाच नको. असे लोक सांभाळायच्या जागा असतात म्हणाली. मी म्हटलं, बाई, मी शेगडी भंगारात दिली नाही, माणूस देऊ? तुझ्या मनात काय येतंय तेही मला इथे बसून कळतंय. आजोबा माझं ऐकतील, मी समजावते. ऐकतील गं. तुझं तर पहिल्या शब्दाला ऐकतील. ऐकत नाहीत ही अडचणच नाहीये. काजळ्याचं ऐकतात, माझंसुद्धा ऐकायला लागलेत, जन्मात पहिल्यांदा. पण ऐकलेलं रात्री कुठेतरी गळून जातं आणि सकाळी गिरणीचा भोंगा वाजतो. मी भांडून बघितलं. रडून नाही बघितलं, ते मला जमत नाही. एकदा नळ धरून त्यांच्या आणि शेगडीच्या मधे उभी राहिले. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" मी बाजूला झाले. काय करणार?

आमचे दिवस कसे जातात तेही सांगते. नळ उलटे करून झाले की खूश असतात. मग आम्ही दोघं शेगडीपुढे बसतो, स्वेटरवर स्वेटर, शाल, मोज्यांवर मोजे. शेगडी गार, लोखंड असं की हात लावला तर चटका बसल्यासारखा मागे घ्यावा. ते तिच्यासमोर हात पसरून चोळतात. "पेटली की काय ऊब देईल बघ," म्हणतात. खिशात काडेपेटी असते. मी काढून घेतली की दुकानातून दुसरी आणतात, दुकानदार वारामिस्त्रींना नाही कसं म्हणणार? कधी कधी मला थंडीने हुडहुडी भरते. ते बघतात, हात खिशात जातो, काडेपेटी बाहेर येते. मग मी एवढंच म्हणते, "बाळ आलं नाही अजून." ते थांबतात. काडेपेटीकडे बघतात, शेगडीकडे बघतात. "हो की," म्हणतात, "बाळाला मांडीवर घेऊन," आणि पेटी परत खिशात. डॉक्टरणीच्या गोळ्या नाही, काजळ्याची रिबिटं नाही, माझी जीभ नाही, कशाचाच उपयोग झाला नाही. पाणी विसरले, खडू विसरले, बायकोचा चेहरासुद्धा अधूनमधून हातचा निसटतो. हे एक वाक्य मात्र त्यांच्यात खिळ्यासारखं बसलंय. का बसलंय ते मला विचारू नकोस.

म्हणून लिहिते, येऊ नकोस. बाळाला घेऊन येऊ नकोस आणि एकटीही येऊ नकोस. तुला दारात बघितलं की त्यांना बाळ आलंच असं वाटेल, आणि मग त्यांना अडवायला माझ्याकडे शब्द उरणार नाही. तू येत नाहीस तोवर ती पेटणार नाही, या घरात एवढी एकच गोष्ट अजून नक्की आहे. आणि फोनवर येत नाही असंही म्हणू नकोस. वाट बघायचं संपलं तर काडी कशासाठी राखून ठेवतील? निघतेच आहे म्हण. बाळाला सर्दी झाली म्हण, गाडी सुटली म्हण, रस्ता बंद आहे म्हण. रोज नवी सबब शोधायची गरज नाही, जुनीच सांग, त्यांना ती नवीच वाटते. आम्ही थंडीने मरत नाही, एवढे हिवाळे काढलेत. बाळाचा फोटो शिंपिणीच्या पत्त्यावर पाठव, मी तिच्याकडे जाऊन बघेन, घरात आणणार नाही. छाती वाजते का त्याची, तेवढं पाठीमागे लिही. त्यांचा आवाज आला, केस कापून झाले वाटतं. दार उघडायच्या आधीच विचारतायत, टोकधरी आली का? मी इथूनच ओरडून सांगितलं, अजून नाही.

तुझीच,
टेपपट्टीच्या या टोकाची आजी